बंब शहरात, आग फडात

पाण्याने भरलेला बंब, तो चालवणारी माणसे आणि वर्दी येताच उघडणारा रुंद दरवाजा, एवढे असले की अग्निशमन केंद्र उभे राहते. असे केंद्र पूर्वीपासून दाट वस्तीत असते. मुंबईत १८८७ मध्ये अग्निशमन दल महापालिकेकडे आले. त्या काळी बंब घोडे ओढत. मोटारीचा बंब १९०७ मध्ये आला. खेटून बांधलेल्या घरांना आगीची भीती जास्त, म्हणून बंब शहराच्या मध्यभागी ठेवणे सोयीचे होते.

पुणे जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यातील बारामती आणि इंदापूर या दोन्ही शहरांत नगरपरिषदा आहेत. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ प्रमाणे आग विझवणे आणि आगीत जीवित व मालमत्ता वाचवणे हे नगरपरिषदेचे बंधनकारक काम आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नागरी संस्थांच्या विषयांत, अग्निशमन सेवा आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत ती नाही. औद्योगिक वसाहतींसाठी औद्योगिक विकास महामंडळाची अग्निशमन सेवा असते. उसाचे बहुतेक फड मात्र ग्रामपंचायतींच्या हद्दीत येतात.

१८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला आणि या दुष्काळी पट्ट्यात ऊस आला. पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा असे कारखाने उभे राहिले. गाळप हंगामात ऊस पक्व होऊन खालची पाने वाळतात, हेच पाचट. विजेच्या लोंबकळत्या तारा वाऱ्याने एकमेकींना घासून ठिणगी पडली किंवा बांधावरचे गवत जाळताना आग आत शिरली, की पाचट तडतडत पेट घेते. कांड्यांत रस असल्याने ऊस उभा राहतो, पण काळा पडतो.

जळीत ऊस फार थांबवता येत नाही. तापलेल्या, साल तडकलेल्या कांड्यांत जंतू शिरतात, साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊ लागते, उतारा घटतो आणि वजनही कमी होते. म्हणून तोड तातडीने लावावी लागते. जळीत म्हणून दरात कपात झाली, तर शेतकऱ्याला दुहेरी फटका बसतो. तोडणी कामगारांच्या कोप्या वाढ्यांच्या आणि पाचटाच्या असतात. जवळचा फड पेटला की त्यांचा संसारही धोक्यात येतो.

बारामती ते इंदापूर हे अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. मधल्या लासुर्णे परिसरातून कोणतेही शहर साधारण २५ किलोमीटरवर पडते, म्हणजे बंबाला अर्धा तास तरी लागतो. एवढ्या वेळात वाऱ्यावरची आग बांध ओलांडून शेजारच्या फडात पोहोचू शकते. बंबात पाच हजार लिटर पाणी असले, तरी मिनिटाला हजार लिटर मारल्यास टाकी पाच मिनिटांत रिकामी होते. मग पुन्हा विहीर, शेततळे किंवा कालवा गाठावा लागतो. आग तारांमुळे लागली असेल, तर आधी वीजपुरवठा बंद करावा लागतो. त्याच फटक्यात विहिरीवरची मोटार थांबते. अशा वेळी डिझेल इंजिन कामाला येते.

म्हणून फडातली आग बंब येण्याआधी गावालाच रोखावी लागते. वारा जिकडे वाहतो त्या बाजूला, आगीपासून पुरेशा अंतरावर ऊस तोडून पाचट बाजूला केले, की जळायला काही न मिळाल्याने आग तिथेच थांबते. पेटत्या फडात शिरणे मात्र जिवावर बेतू शकते.

कारखान्याच्या आवारातली आग वेगळी असते. गाळपानंतर उरलेल्या बगॅसमध्ये निम्म्याच्या आसपास ओल असते, तरीही मोठा ढीग आतून तापतो. वरून पाणी मारून ज्वाळा विझल्या, तरी पोटात निखारे धुमसत राहतात. ढीग उकरत थर थर भिजवावा लागतो. आगीपासून सुरक्षिततेची जबाबदारी कायद्याने कारखानदारावर टाकली आहे.

फडासाठी अशी कोणाची जबाबदारी ठरलेली नाही. हंगामापूर्वी लोंबकळत्या तारा वीज कंपनीकडून ओढून घेणे, बांधावर आग न लावणे आणि एखादे डिझेल इंजिन चालू स्थितीत ठेवणे, एवढे प्रत्येक गावाला जमण्यासारखे आहे. धूर दिसताच १०१ किंवा ११२ वर कळवावे आणि जवळचे पाणी कुठे आहे तेही सांगावे.