आपल्याच माणसाची गोळी

  दर वेळी मी हप्ते, व्याज, बँक, कर्जाचे अर्ज यांवर बोलते. आजचा विषय वेगळा आहे. तो आमच्याच एका गटाच्या मासिक बैठकीत निघाला.

हजेरी झाली, बचत गोळा झाली, रजिस्टर मिटलं. चहा यायचा होता. एका ताईंचा धाकटा भाऊ फौजेत आहे. त्या म्हणाल्या, "ताई, टीव्हीवर सांगत होते की लढाईत कधी कधी आपल्याच बाजूच्या गोळीनं आपली माणसं मरतात. असं कसं हो होईल? आपला माणूस आपल्याला ओळखू येत नाही होय?"

कुणालाच काही बोलता येईना. शेवटी एक म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "नशीब गं बाई, दुसरं काय." मी घरी आले, पण ते "नशीब" माझ्या मनाला पटेना. म्हणून मिळेल ते वाचलं. त्यातलं जे समजलं ते आज तुम्हाला सांगते.

आपल्याच किंवा मित्र देशाच्या सैन्याकडून चुकून झालेल्या माऱ्याला इंग्रजीत 'फ्रेंडली फायर' म्हणतात. म्हणजे मित्राची गोळी. नाव किती गोड आहे बघा, पण ज्या घरात ती गोळी लागते त्या घराला विचारावं.

आता एक खरी घटना सांगते. साल २००३. अमेरिका आणि ब्रिटन या दोन देशांनी मिळून इराकवर हल्ला केला होता. दोन्ही फौजा एकाच बाजूच्या होत्या. २८ मार्चला इराकमधल्या बसरा शहराच्या उत्तरेला ब्रिटनच्या चिलखती गाड्यांची एक तुकडी टेहळणी करत पुढे चालली होती. त्यात मॅटी हल नावाचा सैनिक होता. वय २५. तीन दिवसांनी त्याचा सव्विसावा वाढदिवस होता.

या गाड्यांच्या टपावर केशरी रंगाचे मोठे पट्टे लावले होते. वरून उडणाऱ्या आपल्या बाजूच्या विमानांना लांबून दिसावं की या गाड्या आपल्या आहेत, एवढ्यासाठीच ते पट्टे होते.

त्याच वेळी अमेरिकेची दोन लढाऊ विमानं त्या भागात शत्रूच्या तोफा शोधत होती. पायलटांना खाली गाड्या दिसल्या. गाड्यांवर काहीतरी केशरी आहे, हेही दिसलं. आपली माणसं त्या भागात आहेत का, असं त्यांनी जमिनीवरच्या सहकाऱ्याला रेडिओवर विचारलं. नाहीत, असं उत्तर आलं. पण विचारणारा कुठल्या जागेबद्दल विचारतोय आणि सांगणारा कुठल्या जागेबद्दल सांगतोय, याची नीट खातरजमा झालीच नाही. मग त्या केशरी पट्ट्यांचं काय? पायलटांनी ठरवलं की ते केशरी रंगाचे रॉकेट असणार. त्यांनी हल्ला केला. एकदा नाही, दोनदा केला.

थोड्याच वेळात रेडिओवर आवाज आला की तिथे आपलीच माणसं आहेत. हे सगळं विमानातल्या टेपवर नोंदलं गेलं. ते ऐकून दोघंही पायलट हादरून गेले, तेही त्या टेपवर ऐकू येतं. पण तोवर मॅटी हल गेला होता आणि त्याचे साथीदार जखमी झाले होते. त्याच तुकडीत ख्रिस्तोफर फिनी नावाचा १८ वर्षांचा पोरगा होता. त्यानं जळत्या गाडीतून आपल्या जखमी साथीदाराला बाहेर काढलं. दुसऱ्या हल्ल्यात तो स्वतः जखमी झाला, तरी दुसऱ्या जळत्या गाडीपर्यंत पोचायची त्यानं धडपड केली. त्याला पुढे जॉर्ज क्रॉस हे ब्रिटनचं फार मोठं शौर्यपदक मिळालं.

मैत्रिणींनो, त्या पायलटांना काही दिसलं नव्हतं असं नाही. केशरी रंग त्यांना दिसला होता. पण मनात शत्रूच्या तोफा घोळत होत्या, म्हणून पट्टा दिसला तरी रॉकेट वाटलं. अंधारात पायाखाली दोरी आली की आपण दचकतो, तसंच. आपल्याकडे म्हण आहे ना, साप साप म्हणून भुई धोपटणे. आपण भुई धोपटली तर काठी मोडते. तिथे माणसं मेली.

मग असं का होतं? मला चार कारणं समजली.

पहिलं कारण म्हणजे, आजची शस्त्रं माणसाच्या नजरेपेक्षा लांब मारा करतात. वेगानं जाणाऱ्या विमानातून खालची गाडी काडीपेटीएवढी दिसते. ती कुणाची, हे ओळखण्याआधी ती माऱ्याच्या टप्प्यात आलेली असते. त्यात रात्र, धूळ, धूर असेल तर विचारूच नका.

दुसरं, कोण कुठे आहे याची माहिती. लढाईत तुकड्या सारख्या पुढे-मागे होतात. सकाळी रिकामा असलेला रस्ता दुपारी आपल्याच गाड्यांनी भरलेला असतो. ही बातमी वरपर्यंत पोचली नाही, तर विमानवाल्यासाठी तो रस्ता शत्रूचाच.

तिसरं, दोन देशांच्या फौजा एकत्र लढतात तेव्हा त्यांची वाहनं वेगळी, रेडिओ वेगळे, कामाच्या पद्धती वेगळ्या. नुसती खूण लावून भागत नाही. समोरच्याला ती खूण ठाऊक पाहिजे, आणि घाईतसुद्धा आठवली पाहिजे.

चौथं, घाई आणि भीती. आपण आधी मारलं नाही तर तो आपल्याला मारेल, हे डोक्यात असलं की दुसऱ्यांदा विचारायला कुणी थांबत नाही.

ही एखाद-दुसरी घटना आहे असंही समजू नका. १९९१ मध्ये आखाती युद्ध झालं. त्यात लढताना मेलेल्या सुमारे दीडशे अमेरिकी सैनिकांपैकी ३५ जण आपल्याच बाजूच्या माऱ्यात गेले. म्हणजे जवळजवळ चौघांमागे एक. त्याच युद्धात २६ फेब्रुवारी १९९१ ला अमेरिकेच्या विमानांनी ब्रिटनच्या दोन चिलखती गाड्या चुकून उडवल्या. नऊ ब्रिटिश सैनिक ठार झाले. विमानं त्याच जातीची होती, जी बारा वर्षांनी मॅटी हलच्या तुकडीवर आली. आणि मॅटी हल जाण्याच्या पाचच दिवस आधी अमेरिकेच्या क्षेपणास्त्रानं ब्रिटनचं एक लढाऊ विमान चुकून पाडलं होतं. त्यातले दोघंही गेले.

बारा वर्षांत विमानं, रेडिओ, नकाशे सगळं सुधारलं. तरी तीच चूक परत झाली. याचं एक कारण असं की, अशी चूक झाली की ती झाकण्याकडे सगळ्यांचा कल असतो. आणि झाकलेल्या चुकीतून कुणी शिकत नाही.

आता मॅटी हलच्या बायकोचं ऐका. नवरा कसा गेला, हे तिला नेमकं जाणून घ्यायचं होतं. ब्रिटनमध्ये अशा मृत्यूची जाहीर चौकशी होते. ती करणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याला कॉरोनर म्हणतात. विमानातली टेप हा तर सगळ्यात मोठा पुरावा. पण अशी टेपच नाही, असं घरच्यांना आधी सांगण्यात आलं. मग टेप असल्याचं बाहेर आलं, तेव्हा ती गुप्त आहे म्हणून अमेरिका ती चौकशीत दाखवू देईना. फेब्रुवारी २००७ मध्ये ती टेप एका वर्तमानपत्राच्या हाती लागली आणि साऱ्या जगानं ती ऐकली. मगच चौकशीत ती दाखवायला परवानगी मिळाली.

१६ मार्च २००७ ला निकाल लागला. हा मृत्यू बेकायदा होता आणि तो पूर्णपणे टाळता आला असता, असं कॉरोनरनं सांगितलं. ते पायलट साक्षीला आले नाहीत. अमेरिकेनं आपल्या चौकशीत त्यांना दोषी धरलं नव्हतं. कुणाला तुरुंग झाला नाही. तरी त्या बाईनं चार वर्षं पाठपुरावा केला, आणि आपला माणूस कसा गेला हे तिला अखेर कळलं.

हे सगळं लांबच्या देशातलं वाटेल. पण अशी एक घटना आपल्याही घरची आहे. २७ फेब्रुवारी २०१९. बालाकोटच्या हवाई हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, सीमेवर दोन्ही देशांची विमानं समोरासमोर आली होती. त्या सकाळी काश्मीरमध्ये बडगामजवळ आपल्या हवाई दलाचं एक हेलिकॉप्टर पडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक, असे सात जण गेले. त्यात आपल्या नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. पुढे चौकशीत निघालं की ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्रानं पडलं होतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये हवाई दलाच्या प्रमुखांनी ही मोठी चूक होती असं जाहीरपणे मान्य केलं. ही कबुली देणं सोपं नव्हतं. पण चूक मान्य झाली, तरच ती पुन्हा होऊ नये म्हणून काही करता येतं.

आमच्या ताईंनी बैठकीत आणखी एक विचारलं होतं, "मग अशा जवानाला शहीद म्हणायचं की नाही?" ताई, तो ड्युटीवर होता. जिथे पाठवलं तिथे तो गेला. गोळी कुणाच्या बंदुकीतून आली, यानं त्याचं मोल कमी होत नाही. आणि खरं सांगितल्यानं त्याचा अपमानही होत नाही.

आता आपल्या गटाकडे बघा. बँकेतून पैसे काढायला आपण दोघींच्या सह्या घेतो. एकीवर अविश्वास असतो म्हणून नाही. एकीच्या नजरेतून सुटलेलं दुसरीला दिसावं म्हणून. पण दुसरी जर न वाचताच सही करत असेल, तर त्या दोन सह्यांचा काय उपयोग? त्या दिवशी आकाशात पायलटही दोघं होते. दोघांनी एकच चूक पाहिली आणि एकमेकांना होकार दिला. "थांब, परत विचारू या," एवढं एकानं म्हटलं असतं तर?

शेवटी एक कामाची गोष्ट. ज्यांच्या घरातलं कुणी फौजेत आहे, त्यांनी त्याचा सर्व्हिस नंबर, युनिटचा पत्ता, वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय त्याचा कागद, हे सगळं एका पिशवीत जपून ठेवा. सुनेलाही दाखवून ठेवा. काही अडचण आली तर जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं, तिथे जा. एकट्या जाऊ नका, गटातली एखादी सोबत घ्या. आणि जे विचारायचं ते विचारा. विचारणं म्हणजे फौजेशी भांडण नव्हे.

मावशी, तुम्ही ऐकताय ना? तुमचा मान राखून सांगते, याला नशीब म्हणू नका. नशीब म्हटलं की विचारणं थांबतं. कुणीतरी दुसऱ्यांदा विचारलं असतं, तर तो पोरगा आपला सव्विसावा वाढदिवस बघू शकला असता.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.