मुतखडा, लेझर आणि खान्देशचं ऊन

धुळ्याच्या किंवा जळगावच्या मोठ्या रस्त्यांवरच्या दवाखान्यांच्या पाट्या वाचत गेलं, तर ‘मुतखडा लेझरने, चिरफाड नाही, टाका नाही’ हा मजकूर कुठे ना कुठे भेटतोच. त्यात खोटं काही नाही. खडा बेताच्या आकाराचा असेल तर खरंच टाका पडत नाही आणि माणूस एक-दोन दिवसांत घरी जातो. पन्नास वर्षांपूर्वी याच कामासाठी बरगडीखाली वीतभर चिरा पडायचा, पुढे कितीतरी आठवडे शेतातलं काम बंद, आणि पुन्हा खडा झाला तर त्याच जुन्या व्रणावर दुसरा चिरा. एका पिढीत झालेला हा बदल लहान नाही. पण या काळाकडे मागे वळून पाहताना एक विसंगती डोळ्यांत भरते. खडा काढण्याची महागडी विद्या खान्देशच्या दारात आली. खडा होऊ न देण्याची विद्या तिच्याइतकीच सिद्ध आणि कितीतरी स्वस्त असूनही तिला मात्र कुणी वाली मिळाला नाही.

काढण्याच्या विद्येचा प्रवास लेझरच्या आधीच सुरू झाला होता. १९७६ साली स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी पाठीतून अरुंद वाट करून मूत्रपिंडातला खडा काढल्याचं प्रसिद्ध केलं. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये ख्रिश्चन शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीराबाहेरून लहरींचे धक्के देऊन खडा फोडला. त्या सुरुवातीच्या यंत्रांत रोग्याला पाण्याच्या टबात झोपवावं लागे. लेझर मात्र बराच काळ चाचपडला. १९८० च्या दशकातले डाय लेझर मऊ खडे फोडायचे आणि कठीण खड्यांपुढे हात टेकायचे. १९९० च्या दशकात होल्मियम लेझर आला आणि कठीण-मऊ हा भेद जवळपास संपला. त्याच्या २१०० नॅनोमीटरच्या किरणाचा सगळा चमत्कार पाण्यात आहे. हा किरण पाण्यात लगेच शोषला जातो, मिलिमीटरभरही पुढे जात नाही. म्हणून लघवीच्या वाटेने वर नेलेल्या लवचीक दुर्बिणीतून मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा जाड काचतंतू खड्याला जवळजवळ टेकवावा लागतो; खडा भुरभुरतो, पण शेजारचं नाजूक अस्तर वाचतं. अलीकडच्या थुलियम फायबर लेझरने ही भुकटी आणखी बारीक केली. तरीही खडा दोन सेंटिमीटरहून मोठा असेल तर पाठीतूनच जाणं आजही श्रेयस्कर मानतात. पाटीवर हे लिहिलेलं नसतं, आणि पाटीकडून तेवढी अपेक्षाही नाही.

या शोधांतले काही शोध तर खान्देशच्या शेजारीच लागले. पाठीतली वाट सुईएवढी बारीक करण्याचं तंत्र २०११ मध्ये नडियादच्या मूलजीभाई पटेल रुग्णालयातल्या डॉ. महेश देसाई यांच्या चमूने मांडलं. पाठोपाठ अहमदाबादच्या डॉ. जनक देसाई यांनी ‘अल्ट्रा मिनी’ पद्धत आणली. ज्यांच्या खिशात पैसे होते त्यांना सुरत, नाशिक, मुंबई कधीच लांब नव्हती. गरिबासाठी खरी तारीख वेगळी आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठच जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्यांत धुळे होता. जळगावला २१ नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळू लागले. पुढे योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं आणि मर्यादाही वाढली. लेझरचा इतिहास लिहिणारे रेशनकार्डाचा उल्लेख करत नाहीत. खान्देशापुरता तो करायलाच हवा.

मात्र याच योजनेत माझ्या तक्रारीचं मूळही आहे. तिचा हिशोब मुख्यतः भरती आणि शस्त्रक्रियेच्या पॅकेजवर चालतो. ज्याचे पैसे मिळतात ते काम वाढतं, यात कुणा डॉक्टरचा दोष नाही. पण मुतखडा हा एकदा काढून संपणारा आजार नाही. उपाय न केल्यास पहिल्या खड्यानंतर पाच-दहा वर्षांत जवळजवळ निम्म्या रोग्यांना पुन्हा खडा होतो. उत्तर आणि पश्चिम भारताच्या ज्या पट्ट्याला डॉक्टर ‘स्टोन बेल्ट’ म्हणतात, त्यात आपणही येतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या आसपास खेळतो. रावेर-यावलच्या बागेत केळीचे घड डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणारा मजूर, वीटभट्टीवरचं कुटुंब, जिनिंगमधला कामगार यांचं प्यायलेलं पाणी घामावाटे जातं. उरलेली थोडी लघवी गडद होते आणि तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक जमू लागतात. लेझर या माणसाचा खडा फोडतो आणि त्याला त्याच उन्हात परत पाठवतो.

पाणी जास्त पिण्याचा सल्ला आजीबाईच्या बटव्यातला वाटतो, पण तो काटेकोर चाचणीतून तावूनसुलाखून निघालेला आहे. इटलीत बोर्घी आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ रोग्यांचा पाच वर्षं मागोवा घेतला आणि १९९६ मध्ये निष्कर्ष मांडले. दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला. बाकीच्यांत हे प्रमाण २७ टक्के होतं. याच गटाच्या २००२ च्या दुसऱ्या अभ्यासाने तर उलटीच समजूत मोडली. ज्यांनी दूध-दही नेहमीसारखं ठेवून मीठ आणि मांस कमी केलं, त्यांना दूधदुभतं तोडणाऱ्यांपेक्षा निम्म्यानेच खडे झाले. कारण अन्नातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं. आपल्याकडे मात्र खडा झाला की पहिली गदा येते ती भरताच्या वांग्यावर आणि टोमॅटोच्या बियांवर, जणू बी पोटातून थेट मूत्रपिंडात जाऊन बसतं. शेवभाजी, पापड, लोणचं आणि ठेच्यातल्या मिठाकडे कुणी बोट दाखवत नाही, खरं तर लघवीतलं कॅल्शियम वाढवतं ते मीठच. केळीच्या खोडाचा रस, पानफुटी, हुलग्याचा काढा यांची कीर्तीही तपासून पाहावी. पाच मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे आपोआपच पडतात. श्रेय मात्र त्या आठवड्यात जे प्यायलं त्याला जातं.

यावर पहिला आक्षेप असा की कळ उठलेल्या माणसाला पाण्याचं व्याख्यान काय कामाचं? कामाचं नाहीच. अडकलेल्या खड्यावर ताप आला तर जीव जाऊ शकतो, तिथे दुर्बीण आणि स्टेंटच हवेत. प्रश्न कळ थांबल्यानंतरचा आहे. शस्त्रक्रियेनंतर मूत्रवाहिनीत ठेवलेला स्टेंट काही दिवसांनी, फार तर काही आठवड्यांनी काढायचा असतो. ते काम मिनिटांचं आहे. पण जळजळ सरली, कापूस वेचणीला आला, की दूरच्या पाड्यावरचा रोगी पुन्हा येतोच असं नाही. विसरलेल्या स्टेंटवर क्षारांचे थर चढतात आणि खडा काढायला आलेला लेझर मग तो स्टेंट सोडवायला वापरावा लागतो. नोंदवही आणि एक फोन एवढ्यावर हे टळू शकतं. काढलेल्या खड्याची तपासणी, वारंवार खडे होणाऱ्याची २४ तासांच्या लघवीची तपासणी ही याच पाठपुराव्यातली कामं. तीही बहुधा राहून जातात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: लोक सांगूनही पाणी पीत नाहीत. पण कोण पीत नाही, हे पाहिलं तर हा हट्टाचा मामला राहत नाही. दिवसभर शेतात निंदणी करणाऱ्या बाईला आडोसा नसतो, म्हणून ती मुद्दाम कमी पिते. ज्या घरी कित्येक दिवसांच्या अंतराने नळ येतो तिथे हंडा जपून वापरतात. बोअरच्या जड पाण्याला दोष देऊन आरओचं यंत्र बसवणं हा पैसेवाल्यांचा तोडगा, आणि तोही नेम चुकलेला, कारण जड पाण्याने खडे वाढतात याचा पुरावा कमजोर आहे. पाण्याच्या जातीपेक्षा त्याचं प्रमाण महत्त्वाचं. तेव्हा ‘पाणी प्या’ ही चिठ्ठी रोग्याच्या हाती देऊन भागत नाही. ती मालकाच्या, ग्रामपंचायतीच्या आणि नगरपालिकेच्या नावे लिहावी लागते.

हे काम सरकारी कक्षेबाहेरचं आहे, असंही म्हणता येत नाही. मे २०२४ च्या उष्णतेच्या लाटेत जळगावच्या जिल्हा प्रशासनाने जमावबंदीचं कलम १४४ लावून भर उन्हात मजुरांना राबवून घेण्यावर बंधनं घातली होती. तो हुकूम उष्माघाताच्या भीतीने निघाला आणि थोड्या दिवसांपुरता होता. उष्माघाताने माणूस त्याच दुपारी कोसळतो, म्हणून कलेक्टर कचेरी हलते. त्याच दुपारी सुरू झालेला खडा सोनोग्राफीत दिसेपर्यंत महिने, कधी वर्षं लोटतात, आणि तोवर त्याचं बिल शस्त्रक्रियेच्या खात्यात पडलेलं असतं. त्याच हुकमात कामाच्या जागी पाण्याचा माठ, सावली आणि बायकांसाठी आडोसा घालून तो मार्च ते जून दरवर्षी लागू करायला नवं यंत्र लागत नाही.