पाहुणचार, रविवारचा केक आणि मधुमेह

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की घराघरांत पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. लेक-जावई येतात, आत्या येते, मामा-मामी मुलाबाळांसह येतात. पूर्वी नानकटाई हवी तर मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जावे लागे. आता बऱ्याच घरांत छोटा ओव्हन आहे. नसेल तिथे कुकरची शिट्टी काढून, तळाशी मीठ पसरून केक होतो. रविवारी आजी आणि नातवंडे मिळून केक करतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण आलेल्या पाहुण्यांत कोणाला मधुमेह असेल तर यजमानांनी काय लक्षात ठेवावे, हे आज सांगणार आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. त्यामुळे असा पाहुणा घरी येत नाही असे घर क्वचितच सापडेल.

प्रथम केकचा हिशेब पाहू. २०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम लोणी आणि तीन अंडी घेऊन केलेल्या केकचे आठ तुकडे केले, तर एका तुकड्यात २५ ग्रॅम म्हणजे पाच लहान चमचे साखर येते. मैद्याचे पिष्ट वेगळेच. उष्मांक होतात सुमारे ३००. म्हणजे जवळजवळ तीन पोळ्या. साखरेऐवजी गूळ किंवा मध घातला तर चालेल का, असे पुष्कळ जण विचारतात. रक्तातील साखर त्यानेही वाढतेच. ‘बिनसाखरेचा’ केकसुद्धा मैद्याचाच असतो, हे विसरू नये.

मग मधुमेह्याने केक खायचाच नाही का? तसे नाही. ज्याची साखर आटोक्यात आहे त्याने दोन बोटांएवढा तुकडा जेवणाबरोबर खाल्ला आणि त्या जेवणात एक पोळी किंवा भात कमी केला, तर सहसा बिघडत नाही. मात्र ‘आज केक खाल्लाय, एक गोळी जास्त घेतो’ हा हिशेब अतिशय धोक्याचा. गोळीचे किंवा इन्सुलिनचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये.

पाहुणचारातला खरा धोका मात्र वेगळाच आहे. तो जास्त खाण्याचा नाही, उशिरा खाण्याचा आहे. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या रक्तातील साखर कमी करतात. त्या घेतल्यावर वेळेवर जेवण मिळाले नाही तर साखर नको तितकी खाली येते.

मागे एका रविवारी दुपारी मला शेजारच्या गल्लीतून बोलावणे आले. भाचीकडे आलेल्या सत्तरीच्या एका मावशींनी नेहमीप्रमाणे साडेबाराला जेवणाआधीची गोळी घेतली होती. मुलांचा केक ओव्हनमध्ये होता, जावई यायचे होते, गप्पा रंगल्या होत्या. दोन वाजून गेले तरी पाने मांडली नव्हती. मावशींना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, त्या असंबद्ध बोलू लागल्या. घरच्यांना वाटले, ऊन लागले. त्यांनी लिंबाचे सरबत दिले. पण मावशींना ‘साखरेचा आजार’ म्हणून आठवणीने बिनसाखरेचे! मी बोटातून रक्त घेऊन तपासले तर साखर ४८ निघाली. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा-वीस मिनिटांत मावशी ओळखीचे बोलू लागल्या. घरच्यांची माया कमी पडली नव्हती. माहिती तेवढी कमी पडली.

रक्तातील साखर ७० च्या खाली गेली की ती कमी समजावी. घाम, थरथर, धडधड, एकदम लागलेली भूक, चिडचिड, गोंधळलेले बोलणे ही तिची लक्षणे. अशा वेळी पुढीलप्रमाणे करावे:

१. माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर तीन लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्धा पेला पाण्यातून द्यावी. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही औषधे चालू असतील तर ग्लुकोजच द्यावे. साध्या साखरेचा गुण उशिरा येतो.

२. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर वाढली नसेल तर तेवढेच पुन्हा द्यावे.

३. बरे वाटताच जेवायला वाढावे आणि डॉक्टरांना कळवावे. काही गोळ्यांचा अंमल बराच वेळ राहतो, त्यामुळे साखर पुन्हा उतरू शकते. त्या दिवशी रुग्णाला एकटे सोडू नये.

४. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. कुशीवर निजवून ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

‘समोर केकच आहे, तोच भरवू’ असे मात्र करू नये. केकमधल्या लोण्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते, आणि इथे तर घाई असते.

पाहुण्यांनीही काही पथ्ये पाळावीत. आपल्याला मधुमेह आहे आणि आपली जेवणाची वेळ काय, हे आल्याआल्याच सांगावे. त्यात संकोच कसला? पाने मांडलेली पाहिल्याशिवाय जेवणाआधीची गोळी किंवा इंजेक्शन घेऊ नये. चिठ्ठी आणि ग्लुकोजची पुडी जवळ ठेवावी. इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात, पण बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. गोठलेले इन्सुलिन वाया गेले असे समजावे. ओव्हन किंवा शेगडीजवळच्या फळीवरही बाटली ठेवू नये.

आणि यजमानांना एक विनंती. ‘आमच्या खातर एवढा एक तुकडा’ हा आग्रह मायेपोटी होतो, हे खरे. पण पाहुणा नको म्हणाला तर एकदाच विचारून थांबावे. त्यापेक्षा बाराच्या सुमारास ‘तुमची गोळीची वेळ झाली असेल, तुमचे पान आधी वाढू का?’ असे विचारावे. जावई आणि केक, दोघेही थोडे थांबू शकतात.