कळा येण्याआधीचा पैसा

पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोली जिल्ह्यातलं भामरागड पाण्याने वेढलं जातं. अशा वेळी एखाद्या टोल्यावरच्या बाईला कळा सुरू झाल्या, तर तिला खाटेवर उचलून नाल्यापर्यंत आणायचं आणि पाणी उतरायची वाट पाहत बसायचं. त्यावर तोड म्हणून आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘माहेरघरं’ उभी राहिली. दिवस भरत आले की बाईने चार-पाच दिवस आधीच तिथे येऊन राहायचं, सोबतीला घरचं एखादं माणूस.

पण पूर येतो तेव्हाच धानाची रोवणी असते. हातावर पोट असलेल्या घरातली दोन माणसं ऐन हंगामात बसून राहिली, तर चूल कशी पेटणार? म्हणूनच माहेरघराच्या चार भिंतींइतकीच बुडीत मजुरीची भरपाई मोलाची. ती वेळेवर मिळाली तरच बाई घर सोडते.

सरकारी अनुदानं मात्र बहुतेक उलट्या टोकाकडून सुरू होतात. २००५च्या जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागातल्या पात्र मातेला दवाखान्यात बाळंत झाल्यावर ७०० रुपये मिळतात. देशात दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण २००५-०६मध्ये ३८.७ टक्के होतं, ते २०१९-२१मध्ये ८८.६ टक्क्यांवर गेलं. याच सुमाराच्या दीड दशकात दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २५४वरून ९७वर आले. महाराष्ट्रात १३०वरून ३३वर. आशा सेविका, रस्ते, रुग्णवाहिका यांचाही त्यात वाटा आहे. २०१०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात या योजनेमुळे दवाखान्यातली बाळंतपणं वाढल्याचं दिसलं, पण मातामृत्यू घटल्याचा ठोस पुरावा हाती लागला नाही.

कारण उघड आहे. थॅडियस आणि मेन या संशोधकांनी १९९४मध्ये तीन उशीर सांगितले: घरात निर्णय व्हायला, दवाखान्यात पोचायला आणि तिथे उपचार सुरू व्हायला. ७०० रुपये फार तर पहिला उशीर कमी करतात. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आवरला नाही तर दोनेक तासांत जीव जाऊ शकतो. तेव्हा रक्ताची पिशवी, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ जवळच लागतात. ते बाईच्या खात्यातल्या पैशाने उभे राहत नाहीत.

रक्तस्रावाला साथ देणारं अशक्तपण तर आधीच अंगात मुरलेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१मध्ये महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर बाया रक्तक्षयी होत्या. खायला पैसा हवा तो याच नऊ महिन्यांत. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६,००० रुपयांचा मातृत्व लाभ मान्य केला. २०१७पासूनची मातृवंदना योजना पहिल्या अपत्याला ५,००० देते, दुसऱ्या खेपेला फक्त मुलगी झाली तर ६,०००. तिसऱ्या बाळंतपणाला, जेव्हा अंगातलं रक्त आटत आलेलं असतं, तेव्हा काहीच नाही. पहिल्या खेपेचेही हप्ते आधार आणि बँक खात्याच्या जुळणीत अडकतात आणि “ताई, पैसे पडले का?” या प्रश्नाला तोंड द्यावं लागतं ते आशाला.

तेव्हा अनुदानाचा आकडा वाढवण्याआधी त्याची वेळ बदलायला हवी. मोठा हिस्सा सातव्या महिन्याआधी हातात पडावा, कितवं मूल हे विचारू नये आणि तालुक्याच्या रुग्णालयातल्या रक्तासाठी, भूलतज्ज्ञासाठी दरसालची पक्की तरतूद वेगळी असावी. बाळंतपण पार पडल्यावर येणारा पैसा हे बक्षीस झालं. जीव वाचवायचा तर तो आधी यायला हवा.