एका अंशाची थंडी

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचं वारं सुटलं की जालना जिल्ह्यात पहाटे शेकोट्या पेटतात. शेजारच्या परभणीत, कृषी विद्यापीठाच्या आवारात, काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली जातो. अशा गारठ्यात गळ टाकून बसलेल्याची बोटं आखडतात. त्याला वाटतं, आपल्यासारखाच मासाही काकडला असणार. पण पाणी इतक्या सहजासहजी थंड होत नाही.

द्राक्षांच्या कडवंची गावापासून जिल्ह्यात सगळीकडे दिसणारं शेततळं घ्या. ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. कडा उतरत्या असल्याने त्यात १,९७१ घनमीटर, म्हणजे जवळजवळ वीस लाख लिटर पाणी मावतं. ते फक्त एका अंशाने थंड व्हायचं तर जवळपास २,२९० युनिट विजेइतकी उष्णता बाहेर पडावी लागते. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराची ही पावणेदोन-दोन वर्षांची वीज झाली.

आता पैठणच्या नाथसागराकडे, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाकडे वळू. धरण जालना जिल्ह्यात नाही, पण जालना शहराच्या नळाला तिथलंही पाणी येतं. जायकवाडी तुडुंब भरलं की साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे १०२ टीएमसीच्या वर. अशी पावणेपंधरा लाख शेततळी त्यात रिचतील. हे पाणी एका अंशाने उतरायला ३३८ कोटी युनिट लागतात! २०११च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. घरात पाच माणसं धरली तर जिल्ह्यातल्या सगळ्या घरांची ही सात वर्षांची वीज. आणि इतकं करून थर्मामीटरची एकच रेघ हलते.

माशाच्या दृष्टीने खरा प्रश्न खोलीचा आहे, कारण उष्णता वरच्या तोंडानेच निसटते. निरभ्र रात्री चौरस मीटरमागे दीडशे वॅट निघून जातात असं धरून चाललो, तर बारा तासांत शेततळ्याचं पाणी सरासरी पाऊण अंश उतरेल. नाथसागराचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर, सरासरी खोली आठ मीटरच्या थोडी वर. तिथे त्याच रात्री पाव अंशही उतरणार नाही. शिवाय दिवसाचं ऊन त्यातलं बरंचसं भरून काढतं. म्हणजे थंडीची लाट चार दिवस टिकली तर शेततळ्यातला रोहू गारठतो, पण धरणाच्या डोहातल्या कटल्याला तिची जेमतेम चाहूल लागते.

मासा थंड रक्ताचा. पाणी दहा अंशांनी उतरलं की त्याच्या शरीराचा कारभार साधारण निम्म्यावर येतो, भूकही तशीच. म्हणून हिवाळ्यात मत्स्यपालकांना खाद्य कमी करायला सांगतात आणि पाणी पंधरा अंशांच्या खाली गेलं तर जवळपास बंदच. गळाला लावलेल्या कणकेच्या गोळीचं काय होणार, ते उघड आहे. थंडीत दुपार कलल्यावर, ऊन खाल्लेल्या उथळ काठाला गळ टाकावा, हे शहाणपण त्यातूनच आलेलं.

अमेरिकेत आणि जपानमध्ये बास नावाच्या माशामागे लोक कडाक्याच्या थंडीतही वेडे होऊन फिरतात. त्याचा जागतिक विक्रम १०.१२ किलोचा, तो २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात लागला आणि १९३२च्या जॉर्जियातल्या विक्रमाशी बरोबरीत सुटला. आपला कटला ३८ किलोपर्यंत नोंदला गेला आहे! त्याच्यापुढे तो विक्रमवीर पोरसवदाच म्हणायचा. फरक एवढाच की कटला प्रामुख्याने पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, त्यामुळे गळापेक्षा भोयांच्या जाळ्यातच तो जास्त सापडतो.

तोही कुठे सापडायचा? समजा, भरलेल्या नाथसागरात दहा किलोचे एक लाख मासे आहेत. आकडा मी मुद्दाम सढळ हाताने घेतला आहे. तरी प्रत्येकाच्या वाट्याला २९ हजार घनमीटर पाणी येतं, म्हणजे जवळजवळ पंधरा शेततळी एकट्याला. २०१६च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा शून्यावर आला होता. पण धरणाचा मृतसाठाच ७३८ दशलक्ष घनमीटरचा आहे. तेवढ्यातही याच लाखभर माशांना प्रत्येकी पावणेचार शेततळी मिळतात.