नाव तेच, आवृत्ती वेगळी : दोन जुन्या ग्राफिक्स कार्डांची तुलना

माझा नेहमीचा उद्योग जुन्या छापील पुस्तकांच्या आवृत्त्या ताडून पाहण्याचा. छापखान्यात जुळारी म्हणून लागलो, पुढे संगणकावर पाने लावायला शिकलो. संगणकशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. छापखान्यातले यंत्र बिघडले की दुरुस्तीचा माणूस यायला दोन-दोन दिवस लागत. तेव्हा मीच पेचकस घेऊन बसू लागलो आणि जे काही शिकलो ते असे शिकलो. घरच्यांच्या लेखी मात्र मी संगणकातला जाणकार. म्हणून धाकट्या बहिणीच्या मुलाने विचारले, "मामा, जुनं ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय. टेन-सिक्स्टी घेऊ की फाइव्ह-एटी?"

सुट्टीत दुकानात राबून त्याने सात हजार रुपये साठवले होते. दोन्ही कार्डे साधारण तेवढ्यातच मिळत होती. मी कागदावर एक गुणाकार केला आणि दहा मिनिटांत उत्तर दिले. ते उत्तर चुकले. का चुकले, हे शोधताना जे हाती लागले ते येथे मांडतो.

ज्यांचा या वस्तूशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडे. संगणकाच्या नेहमीच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. खेळ गुळगुळीत दिसावा म्हणून हे सगळे ठिपके सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवले जातात. सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपके झाले! प्रत्येकाचा रंग ठरवताना कोणती वस्तू पुढे, कोणती मागे, उजेड कुठून, सावली कुठे, हे सारे मोजावे लागते; आणि एका चित्रासाठी वेळ मिळतो जेमतेम १७ मिलिसेकंद. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार खरा, पण त्याचे हात मोजके. म्हणून हजारो साध्या गणकांची फौज असलेली चिप एका वेगळ्या पाटीवर बसवतात आणि तिच्या शेजारी तिची स्वतःची मेमरी देतात. ही पाटी म्हणजे ग्राफिक्स कार्ड.

आता आपली दोन कार्डे. एनव्हिडिया कंपनीचे जीटीएक्स १०६० जुलै २०१६ मध्ये बाजारात आले. त्यात १,२८० गणक, ६ जीबी मेमरी, विजेचा खर्च १२० वॅट. अमेरिकेतली सुरुवातीची किंमत २४९ डॉलर. एएमडी कंपनीचे आरएक्स ५८० एप्रिल २०१७ मधले. त्यात २,३०४ गणक, ८ जीबी मेमरी, खर्च १८५ वॅट आणि किंमत २२९ डॉलर. दोन्ही मध्यमवर्गीय कार्डे. स्टीम या खेळविक्रीच्या सेवेकडून आपल्या ग्राहकांच्या यंत्रांची पाहणी होते. तिच्यात १०६० काही वर्षे सर्वाधिक वापरले जाणारे कार्ड होते आणि २०२२ च्या अखेरीस त्याचा पहिला क्रमांक गेला.

माझा गुणाकार असा होता. प्रत्येक गणक घड्याळाच्या एका ठोक्यात दोन क्रिया करतो. १०६० चे घड्याळ सेकंदाला सुमारे १७१ कोटी ठोके देते, ५८० चे १३४ कोटी. गणकांची संख्या, दोन आणि ठोके यांचा गुणाकार केला की १०६० ची ताकद येते सेकंदाला सुमारे ४.४ लाख कोटी क्रिया, तर ५८० ची ६.२ लाख कोटी. म्हणजे ५८० चाळीस टक्क्यांनी सरस, वर मेमरीही जास्त. मी म्हणालो, "फाइव्ह-एटी घे."

पण दोन्ही कार्डे नवी असताना झालेल्या चाचण्यांत ही चाळीस टक्क्यांची आघाडी दिसत नाही. बहुतेक खेळांत ती जवळजवळ बरोबरीत होती. काही खेळांत हे पुढे, काहींत ते. मग ५८० चे उरलेले गणक करत काय होते?

याचे उत्तर लग्नाच्या पंगतीत सापडते. हे गणक एकेकटे काम करत नाहीत. ५८० मध्ये कामाच्या ६४-६४ च्या तुकड्या पडतात, १०६० मध्ये ३२-३२ च्या. तुकडीतल्या सर्वांना एका वेळी एकच पदार्थ वाढायचा, असा नियम. समजा, सत्तर माणसे जेवायला आली. ६४ पानांच्या दोन पंगती मांडल्या तर ५८ पाने रिकामी राहतात. ३२ पानांच्या तीन पंगती मांडल्या तर २६. वाढपी कितीही आणले तरी रिकाम्या पानापुढे उभ्या असलेल्याचा उपयोग काय?

दुसरी अडचण भटारखान्यातली. काय वाढायचे हा निरोप मुख्य प्रोसेसरकडून कार्डाकडे जातो आणि तो पोचवणाऱ्या आज्ञावलीला ड्रायव्हर म्हणतात. त्या काळातले बहुसंख्य खेळ विंडोजच्या डायरेक्टएक्स ११ या पद्धतीवर लिहिलेले होते. त्या पद्धतीत एनव्हिडियाचा ड्रायव्हर निरोपांचे काम प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांत वाटून घेई; एएमडीच्या ड्रायव्हरचा भार मुख्यतः एकाच गाभ्यावर पडे. प्रोसेसर नवा आणि दमदार असेल तर हा फरक फारसा जाणवत नाही. जुना असेल तर भटारखान्याच्या दारात एकच माणूस ताटे देतोय आणि बाहेर वाढप्यांची रांग खोळंबली आहे, असे दृश्य होते. भाच्याचा संगणक एका कार्यालयाने काढून टाकलेला, तिसऱ्या पिढीच्या कोअर आय-५ प्रोसेसरचा. मी कार्डाची ताकद मोजली होती. कार्ड ज्या घरात नांदणार ते घर पाहिलेच नव्हते.

पुढे काळ ५८० च्या बाजूने फिरला. २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर डायरेक्टएक्स १२ आणि २०१६ मध्ये व्हल्कन या नव्या पद्धती आल्या. त्यांत निरोप पोचवण्याची बरीच जबाबदारी ड्रायव्हरकडून खेळ लिहिणाऱ्यांकडे गेली आणि रिकाम्या गणकांना मधल्या वेळात दुसरे काम देण्याची सोय झाली. जुलै २०१६ मध्ये 'डूम' या खेळाला व्हल्कनची जोड मिळाली, तेव्हा एएमडीच्या कार्डांचा वेग लक्षणीय वाढला. कार्ड तेच, खेळही तोच, फक्त निरोपाची पद्धत बदलली. २०१९ अखेर संगणकावर आलेल्या 'रेड डेड रिडेम्प्शन २' मध्ये तर ५८० स्पष्टपणे १०६० च्या पुढे गेले. म्हणजे "कोणते वेगवान?" या प्रश्नाला २०१७ मध्ये एक उत्तर होते, २०१९ मध्ये दुसरे, आणि दोन्ही खरी होती.

मेमरीचेही तसेच. भिंतीचा गिलावा, झाडाची साल, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या यांची चित्रे कार्डाच्या मेमरीत ठेवलेली असतात. ५८० ची मेमरी सेकंदाला २५६ गिगाबाइट माहिती पुरवते, १०६० ची १९२. ही मेमरी भरली की कार्डाला संगणकाच्या मुख्य मेमरीकडे हात पसरावा लागतो आणि त्या वाटेने, वाट चांगली असली तरी, सेकंदाला सुमारे १६ गिगाबाइटच येतात. तेव्हा चित्र क्षणभर अडते. सरासरी वेगाचा आकडा हे लपवतो, कारण साठ चित्रांपैकी एखादे रखडले तर सरासरी फारशी हलत नाही. खेळणाऱ्याला मात्र तोच एक हिसका जाणवतो. म्हणून जाणते परीक्षक सरासरीबरोबर सर्वांत संथ एक टक्का चित्रांचा वेगही देतात. नव्या, जड खेळांत ६ जीबीपेक्षा ८ जीबीचा आधार मोठा असतो तो याच ठिकाणी.

एवढे सगळे मला कळले ते कार्ड घरी आल्यानंतर. ते बसवायला गेलो तेव्हा पहिला धक्का बसला. ५८० ला वीजपुरवठ्याच्या डब्यातून, म्हणजे एसएमपीएसमधून, आठ पिनांची वेगळी तार लागते. कार्यालयातल्या त्या संगणकाच्या डब्यात तशी तारच नव्हती आणि त्याची कुवतही तोकडी होती. बाजारात जोडतारा मिळतात, पण हार्ड डिस्कच्या बारीक तारेवर एवढा भार टाकणे म्हणजे आग ओढवून घेणे. नवा एसएमपीएस घ्यावा लागला आणि सात हजारांचा हिशेब तिथेच मोडला. १०६० च्या पुष्कळ नमुन्यांना सहा पिनांची तार पुरते; तिलाही चांगला एसएमपीएस हवाच, पण कमी ताकदीचा चालतो.

दुसरा धक्का त्याहून मोठा. कार्ड सुरू झाल्यावर जीपीयू-झेड या छोट्या आज्ञावलीने त्याची ओळख वाचली. गणक : २,०४८. मी पुन्हा वाचले. २,३०४ नव्हे, २,०४८.

ज्याने आयुष्यभर पुस्तकांच्या आवृत्त्या ताडल्या त्याला हे आधीच सुचायला हवे होते. मुखपृष्ठ तेच ठेवून आतली प्रकरणे गाळलेली पुस्तके मी पाहिली आहेत. येथेही तेच घडले होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये एएमडीने चीनच्या बाजारासाठी 'आरएक्स ५८० २०४८एसपी' नावाचे कार्ड आणले. गणकांच्या संख्येने पाहिले तर ते धाकटे भावंड आरएक्स ५७० च. नाव मात्र थोरल्याचे. ही कार्डे हातोहात फिरत सगळीकडच्या जुन्या बाजारात पोचली आणि वाटेत नावाची शेपटी गळून पडली. विक्रेत्याला फोन केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "काका, नाव फाइव्ह-एटीच आहे ना?" त्यावर मला उत्तर सुचले नाही.

एनव्हिडियाही यात मागे नव्हती. ऑगस्ट २०१६ मध्ये तिने १०६० चीच ३ जीबीची आवृत्ती काढली. ग्राहकाला वाटावे की फक्त मेमरी निम्मी आहे; प्रत्यक्षात गणकही १,२८० ऐवजी १,१५२ होते. तेव्हा "१०६० की ५८०?" हा प्रश्नच अपुरा आहे. कोणते १०६०? कोणते ५८०?

जुन्या मालाला आणखी एक पूर्वायुष्य असते. इथेरियम हे आभासी चलन मिळवण्याची आकडेमोड अशा कार्डांवर चाले आणि त्यासाठी ८ जीबीच्या ५८० ला मोठी मागणी होती. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ती पद्धतच बंद केली आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे जुन्या बाजारात उतरली. अशा कार्डाची चिप सहसा टिकते. झिजतात ते पंखे, आणि सुकते ती उष्णता वाहून नेणारी पेस्ट. शिवाय काहींच्या बायॉसमध्ये, म्हणजे कार्डाच्या मूळ आज्ञावलीत, त्या कामापुरते फेरफार केलेले असतात. म्हणून कार्ड निदान अर्धा तास खेळ चालवून, तापमान पाहून आणि गणकांची संख्या वाचूनच पैसे द्यावेत.

विजेचाही हिशेब सांगतो. दोन्ही कार्डांत ६५ वॅटचा फरक. रोज चार तास पूर्ण भाराने खेळले तर वर्षाला सुमारे ९५ युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तर साडेनऊशे रुपये. सात हजारांच्या वस्तूत दोन-तीन वर्षे वापरल्यावर ही रक्कम लहान राहत नाही.

नंतर एका मित्राचे ६ जीबीचे १०६० मागून आणले आणि भाच्याच्याच संगणकात दोन्ही कार्डे आलटून पालटून बसवली. 'जीटीए ५' हा डायरेक्टएक्स ११ वरचा खेळ तो सर्वाधिक खेळतो. तिथे १०६० ची चाल अधिक सफाईदार होती. 'रेड डेड' मध्ये चित्रांचा दर्जा वाढवला तेव्हा आमचे गाळीव ५८० सुद्धा कमी अडखळले. आकड्यांचा तक्ता देत नाही, कारण एका जुन्या संगणकावरची मोजणी सर्वांना लागू होत नाही. त्या संगणकाला, त्या मुलाला आणि त्या सात हजारांना योग्य कार्ड १०६० होते, एवढे मात्र नक्की. नवा प्रोसेसर, भरवशाचा एसएमपीएस आणि अलीकडचे खेळ असते, तर पूर्ण २,३०४ गणकांचे ५८० मी आजही सुचवले असते.

दोघांचाही उतरता काळ सुरू झाला आहे. एएमडीने या पिढीच्या ड्रायव्हरांचा वेग २०२३ मध्येच मंदावला. एनव्हिडियाने १०६० च्या पिढीसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच आणि त्यापुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या, असे जाहीर केले. डिसेंबर २०२४ मधल्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' सारख्या खेळाला प्रकाशकिरणांचा माग काढणारे खास गणक लागतात. ते या दोघांतही नाहीत. पण मागची पंधरा वर्षे भरून राहतील एवढे उत्तम खेळ ही दोन्ही कार्डे आजही चालवतात.

भाच्याने कार्ड परत केले नाही. नव्या एसएमपीएसचे पैसे मी दिले. सल्ला माझा होता. परवा त्याच्या मित्राला असेच जुने कार्ड घ्यायचे होते, तेव्हा भाचा सोबत गेला. मी विचारले, "काय पाहिलंस?" तो म्हणाला, "मामा, आधी त्याचा संगणक उघडून पाहिला. कार्डाचं नाव शेवटी विचारलं."