फॉलोअपच्या मधले दिवस

पुण्यात येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून उपचार घेऊन माणूस तळवड्याला परततो, तेव्हा कंपनी तीच, शिफ्ट तीच आणि पगाराच्या दिवशी "चल, बसू" म्हणणारे मित्रही तेच असतात. येरवड्याचा पुढचा फॉलोअप अजून लांब असतो. या मधल्या दिवसांत खिशातला मोबाइल खरंच आधार देतो.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या 'ए-चेस' ॲपचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दारूच्या व्यसनावर उपचार घेतलेले ३४९ जण होते. ॲपमध्ये आपला नेहमीचा बार आधीच नोंदवून ठेवायचा. त्याच्या आसपास गेलं की जीपीएसमुळे फोन सावध करतो. तलफ आली की मदतीचं बटण दाबायचं. ॲप असलेल्यांचे महिन्यातले बेसुमार पिण्याचे दिवस सरासरी १.३९ भरले, इतरांचे २.७५. जवळपास निम्मे!

असं ॲप नसलं तरी शिफ्ट सुटायच्या वेळेचा अलार्म लावा, समुपदेशकाचा नंबर पहिल्याच स्क्रीनवर ठेवा, तलफ कधी आली ते रोज टिपा आणि ती नोंद फॉलोअपला दाखवा. माझ्या मते ही नोंदच सर्वांत मोलाची.

दारू एकदम सोडल्यावर हात थरथरले, भास झाले किंवा फिट आली, तर मोबाइल बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन : १४४४६.